गोड पाण्याची कॅसेट

भूगोल

वसईजवळच्या गिरीजच्या शाळेत टीव्ही यायच्या आधी त्याचं लोखंडी कपाट आलं, कपाटाच्या आधी कुलूप आलं, आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापिका वसुंधराबाईंच्या पर्समध्ये गेली. मग टीव्ही आला, व्हीसीआर आला आणि खोकाभर कॅसेटी आल्या. प्रत्येक विषयाची वेगळी. विज्ञानाच्या कॅसेटमध्ये बर्फ वितळत होता. गणिताच्या कॅसेटमध्ये एक सद्‌गृहस्थ सफरचंदांचे समान वाटे करत होते. एवढी सफरचंदं मुलांनी फक्त आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांच्या पिशवीत पाहिली होती. भूगोलाच्या कॅसेटमध्ये गहू होता. नजर जाईल तिथवर गहूच. मुलं शांतपणे गहू बघत बसत आणि भूगोलाचे जयवंत सर मुलांकडे बघत बसत.

तपासणीला आलेले साहेबही थोडा वेळ गहू बघत बसले. मग म्हणाले, "तुमच्याच परिसरावर तुमची स्वतःची एक कॅसेट का करत नाही? असा प्रयोग करणाऱ्या शाळेची तुकडी आम्ही सहसा तोडत नाही."

हे शेवटचं वाक्य जयवंत सरांच्या कानात राहिलं. गावातली मुलं एकेक करून इंग्रजी शाळांत चालली होती आणि आठवीची दुसरी तुकडी तुटायच्या बेतात होती. तुकडी तुटली की एक शिक्षक जास्त होणार, आणि शाळेत सगळ्यांत उशिरा लागलेले शिक्षक जयवंत सर होते. त्या वर्षी अशा जास्तीच्या शिक्षकांना मोखाड्याला पाठवत होते. मोखाड्याबद्दल सरांचं वाईट मत नव्हतं. नकाशात ते त्यांनी मुलांना कित्येकदा काठीनं दाखवलं होतं. पण वसई रोडला त्यांचा फ्लॅट होता, बायकोची बँकेतली नोकरी होती, मुलगी दहावीत होती. काठी जिथं टेकते तिथं आपण राहायला जायचं, असा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

सरांनी विषय निवडला, 'किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ का होतात?' विषय चांगला होता. लांबी वीस मिनिटं ठरली. कॅमेऱ्यासाठी भुईगावच्या बेसिलला बोलावलं. तो लग्नांची शूटिंग करायचा.

"सर, टेन्शन नका घेऊ," बेसिल म्हणाला. "अख्खा सीझन लग्नं मारलीत मी."

"बेसिल, हे लग्न नाही."

"माहिताय. विहीर आहे. पण माणसं तीच ना?"

इतिहास

माणसं तीच होती, हीच अडचण होती.

सर देशावरचे. त्यांच्याकडे लग्नाची कॅसेट एकदा बघून कपाटात ठेवायची वस्तू होती. इकडे तसं नव्हतं. गिरीज, सांडोर, भुईगाव, कुठेही लग्न झालं की महिनाभर ती कॅसेट घरोघर फिरे, आणि नवरानवरीकडे कोणी बघत नसे. बघायचं ते आपण आलोय का. जेवताना आलोय की भेट देताना, तोंड पुरतं आलंय की अर्धं. ज्याचं तोंड कॅसेटमध्ये नाही तो लग्नाला आलाच नव्हता असं ठरे. मग तो पुढच्या बाप्तिस्म्यापर्यंत किंवा पुढच्या सत्यनारायणापर्यंत त्या घराशी बोलत नसे. यात धर्माचा भेद कोणी करत नसे.

पहिल्या दिवशी काशीरामच्या वाडीतल्या विहिरीचं शूटिंग झालं. काशीरामची मुलगी जागृती आठवीतच होती, म्हणून ती विहीर सोयीची. संध्याकाळी सर शाळेबाहेर पडले, तर फाटकाशी निकोलस एम-एटीवर बसून वाट बघत होता. त्याची केळीची वाडी काशीरामच्या वाडीला लागून होती.

"सर, तुम्ही काशीरामच्या विहिरीचं शूटिंग केलं म्हणतात."

"धड्यासाठी केलं, निकोलस."

"बरोबर. पण माझा आजा विहीर खोदत होता ना, तेव्हा काशीरामचा आजा काठावर उभा राहून बघत होता. हा इतिहास कोण दाखवणार?"

"हा भूगोलाचा धडा आहे."

"मग भूगोलात माझी विहीर कुठं गेली?"

दुसऱ्या दिवशी निकोलसची विहीर झाली. निकोलस लग्नाचा सूट घालून रहाटाशी उभा राहिला. रहाट पाच वर्षांत फिरलेला नव्हता, पाणी मोटरनं येत होतं. तरी त्यानं तो पुसूनबिसून ठेवला होता आणि बायकोनं त्याला हार घातला होता.

मग इतरांना कळलं. शाळेच्या ओट्यावर लोक दिसू लागले. कुणाच्या विहिरीला पायऱ्या होत्या, कुणाच्या विहिरीत कासव होतं, कुणाच्या वाडीत विहीर नव्हती पण पावसाचं पाणी साठवणारं जुनं बावखल होतं. ते बुजवायचं चाललं होतं, तर बुजवण्याआधी एकदा कॅसेटमध्ये येऊ दे. सर कोणालाच नाही म्हणू शकले नाहीत. ज्या घराला नाही म्हणावं त्या घरातलं पोर जूनमध्ये इंग्रजी शाळेत जाईल, असं त्यांना दिसायचं.

विज्ञान

विहिरी झाल्या. आता प्रश्न मचूळ पाण्याचा होता.

"काशीराम, तुम्ही एवढंच सांगायचं," सर म्हणाले. "आमचं पाणी पूर्वी गोड होतं, आता मचूळ झालंय."

काशीरामनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, ही कॅसेट कोन कोन बघनार?"

"मुलं बघतील. साहेब बघतील."

"आनि जागृतीच्या मामाकडं जानार. तिथनं सगळीकडं. माझ्या धाकट्या भावाचं बघतोय आमी. मचूळ पान्याच्या घरात पोरगी कोन देतो?"

"मग काय म्हणाल?"

काशीरामनं थोडा विचार केला. "गोड."

काशीरामचं पाणी गोड म्हटल्यावर निकोलसचं त्याहून गोड झालं. पुढच्या घरी ते शहाळ्यासारखं झालं. सर रोज घरी जाऊन धड्याची मांडणी बदलत होते. वाळूतून खारं पाणी आत कसं शिरतं त्याचा तक्ता त्यांनी जागून रंगवला होता. तो शिकवायचा तर गावात एक तरी विहीर खारी हवी होती.

ती सालोमी आंटीकडे सापडली. आंटी म्हातारी, एकटीनं भाजीचा मळा करणारी, आणि तिच्या घरात कुणाचं लग्न ठरायचं नव्हतं. बेसिलनं कॅमेरा लावला तेव्हा उन्हं उतरली होती, त्याची बॅटरी संपत आली होती, आणि आंटीच्या कुंपणाबाहेर निकोलस, काशीराम आणि आणखी काही विहीरवाले हात बांधून उभे होते. ती काय बोलते ते त्यांना ऐकायचं होतं.

"आमचं पाणी तर दोन वर्षं झाली..." आंटी सावकाश सुरू झाली.

कुंपणाकडून निकोलसचा आवाज आला, "आंटी, तुझ्या नि माझ्या विहिरीत अंतर किती गं?"

आंटी थांबली. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी कुंपणाकडे पाहिलं, बेसिलच्या बॅटरीकडे पाहिलं, आणि मोखाड्याकडेही पाहिलं असावं. मग ते तिला हळूच काहीतरी बोलले आणि आंटीनं तेच कॅमेऱ्याला सांगितलं. निकोलसनं समाधानानं मान हलवली.

धड्याचं नाव बदलून 'गोड पाण्याचे जतन' असं ठेवण्यात आलं.

गणित

वीस मिनिटांच्या धड्यानं तीन तासांची कॅसेट भरत आणली.

"कापू या," सर म्हणाले.

"कोणाला?" बेसिलनं विचारलं.

सर विहिरींच्या यादीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेले.

"तेच म्हणतो मी. मला ह्याच लोकांची पुढची लग्नं घ्यायचीत, सर. लग्नात मी कोणाचं तोंड कापत नाही. जेवणारांना फास्ट करतो."

"मग विहिरी फास्ट करा."

"विहीर फास्ट कशी करणार? ती हलतच नाही."

वसुंधराबाईंनी मार्ग काढला. त्या स्वतः गणित शिकवायच्या. त्यांनी गोल विहिरीचं घनफळ मधेच घालायला लावलं. मग विज्ञानाच्या बाईंनी केळीच्या मुळांचा भाग मागितला, इतिहासाच्या सरांनी निकोलसच्या आज्याला होकार दिला. बाईंनी वर कळवून टाकलं की आमच्या शाळेनं सर्व विषयांची मिळून एकच कॅसेट केली आहे. धड्यावर बँड वाजवायचा नाही, असंही त्यांनी बेसिलला बजावलं. बेसिल हिरमुसला. पण प्रत्येक विहीर उमलत्या गुलाबातून बाहेर येईल एवढी सवलत त्यानं मिळवली.

नागरिकशास्त्र

साहेब कॅसेट बघायला आले तेव्हा आठवीच्या वर्गात मुलांपेक्षा आईबाप जास्त होते. शेजारच्या वर्गात चाचणी चालू होती म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला होता. तशी कोणाची तक्रार नव्हती. कॅसेट ऐकायची वस्तू आहे असं कोणी धरलंच नव्हतं. गुलाब उमलत होते, विहिरी येत होत्या, आणि ज्याची विहीर येई तो खुर्चीत जरा सावरून बसे.

साहेबांनी मात्र मनापासून बघितली. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"वा," ते म्हणाले. "शेतकरी स्वतः सांगतायत. सच्छिद्र वाळू, भूजल, बाष्पीभवन. कोणी शिकवलेलं वाटत नाही. किती उत्स्फूर्त."

वसुंधराबाई हसल्या. जयवंत सरांच्या छातीवरचं मोखाडा थोडं हललं.

"फक्त एक शंका आहे," साहेब म्हणाले. "यात शिक्षक कुठे आहे?"

"मी कॅमेऱ्याच्या शेजारी होतो, साहेब."

"असाल. पण दिसला नाहीत." साहेब रागावले नव्हते. उलट त्यांना नवं काही सुचत होतं. "गावच शिकवतंय आणि पोरं शिकतायत. हे उत्तम आहे. तुकडी राहू दे. पण अशी कॅसेट हाताशी असताना भूगोलाला वेगळा माणूस कशाला? ज्या गावात असं काही नाही तिथं तुमचा उपयोग जास्त होईल."

सर आपल्या हातातल्या तक्त्याच्या गुंडाळीकडे बघत राहिले. लोकांना साहेबांचा हिशेब नीट कळला नव्हता. त्यांना एवढंच कळलं होतं की एवढ्या लांब कॅसेटमध्ये एका माणसाचं तोंड राहिलं, आणि तो माणूस घरचा होता.

"सर नाहीत म्हंजे?" काशीराम उठला. "सर होते की. मी बोलत होतो तवा माझ्या म्होरंच उभे होते."

"बेसिल," निकोलस सावकाश म्हणाला, "विहिरीतलं कासव घेतलंस, आणि सर नाही घेतले?"

"सर फ्रेममध्ये येतच नव्हते, अंकल. माझ्या कानाशी उभे राहून सारखं बोलत होते." बेसिल ओशाळला होता. "पण आवाज आला असणार. मी ऐकला नाही. लग्नात आवाज कोण ऐकतं? वर गाणं टाकतो."

"मग ऐकू दे साहेबांना," निकोलस म्हणाला आणि टीव्हीकडे गेला.

"नको," सर म्हणाले.

निकोलसनं कॅसेट मागं नेली आणि आवाज पूर्ण वाढवला.

श्रवण

कुजबुज : नमस्कार. माझं नाव.
काशीराम : नमस्कार. माझं नाव काशीराम.
कुजबुज : समुद्राची जवळीक.
काशीराम : समुद्राची जवळीक.
कुजबुज : आणि सच्छिद्र वाळू. सच्छिद्र.
काशीराम : आनि सच्छिद्र वाळू. सच्छिद्र.
कुजबुज : एकदाच.
काशीराम : एकदाच.

(गुलाब.)

कुजबुज : बेसिल, याला म्हणावं पोट जरा आत घे. हं, निकोलस, भूजलाची पातळी.
निकोलस : भूजलाची पातळी आमच्याकडे पहिल्यापासून चांगली आहे.
कुजबुज : एवढंच म्हणायचं नव्हतं. बाष्पीभवन राहिलं.
निकोलस : बाष्पीभवन राहिलं.
कुजबुज : चालेल. साहेबाला विहीर आणि हौद यांतला फरक कळला तरी पुष्कळ.

(गुलाब. मग केळी. मग घनफळ. पुन्हा गुलाब.)

सालोमी : आमचं पाणी तर दोन वर्षं झाली...
लांबून : आंटी, तुझ्या नि माझ्या विहिरीत अंतर किती गं?
कुजबुज : ते राहू द्या, आंटी. गोड म्हणा.
सालोमी : गोड.

शेरा

"थांबवा," साहेब म्हणाले.

निकोलसनं थांबवलं. त्याचा एक हात आपोआप पोटावर गेला होता. सालोमी आंटी मागच्या बाकावर बसली होती. ती सरांकडे बघत नव्हती. सर कुणाकडेच बघत नव्हते. शेजारच्या वर्गातली चाचणीही बहुधा थांबली होती.

साहेबांनी पाणी मागितलं. वसुंधराबाईंनी माठातलं आणून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, ग्लासकडे पाहिलं आणि दुसरा घोट घेतला नाही. मग पेनाचं टोपण काढून ते शेरा लिहू लागले, आणि लिहिता लिहिता तो मोठ्यानं वाचू लागले.

"कॅसेट प्रयोग म्हणून ग्राह्य धरता येत नाही. तथापि..." इथे त्यांनी बराच विचार केला. "तथापि, या ठिकाणी शिक्षकाशिवाय एक वाक्यही पुरं होत नाही, असं निदर्शनास आलं. सबब पद कायम ठेवावं." त्यांनी सही केली आणि उठले. दाराशी थांबून सरांना म्हणाले, "हौदाला तळाशी झरा नसतो. तेवढं मला माहीत आहे."

लोकांना आनंद झाला. काशीरामनं सरांचा हात हातात धरून ठेवला. निकोलस म्हणाला, "बघा, आवाज नसता तर गेला होता तुम्ही," आणि हे श्रेय कुणाचं ते सगळ्यांना कळावं म्हणून तो टीव्हीजवळच उभा राहिला. आंटी मात्र कुणाशी न बोलता निघून गेली. तिच्या मळ्याला पाणी द्यायची वेळ झाली होती.

सर घरी आले. बायकोनं, उन्नतीनं, दार उघडलं.

"काय झालं?"

"पद राहिलं."

"मग चेहरा असा का?"

सर सांगायला लागले, "मला आज असं वाटलं की मी..."

"दमलात तुम्ही," उन्नती म्हणाली. सरांनी तोंड मिटलं. ते दमलेले नव्हते.

तोंडी परीक्षा

सोमवारी आठवीला भूगोल होता. टीव्हीचं कपाट बंद होतं. सरांनी तक्ता आणला होता, पण उलगडला नाही.

"आपल्याकडच्या विहिरी मचूळ का होतात?" त्यांनी विचारलं.

वर्ग सरांच्या ओठांकडे बघू लागला. हे मुलं नेहमीच करत असावीत. सरांनी ते आज पाहिलं. त्यांच्या जिभेवर समुद्राची जवळीक आली होती. त्यांनी ती गिळली. मुलं थांबली, सर थांबले. बाहेर वाडीतली मोटर चालू होती, ती ऐकू येऊ लागली. एका मुलानं घाबरून पाटी असल्यासारखी वही पुसली. बराच वेळ गेल्यावर काशीरामच्या जागृतीनं हात वर केला.

"सर, पुस्तकातलं सांगू की...?"

सर काही बोलले नाहीत.

"टँकरमुळं," जागृती म्हणाली. मग कोणी अडवत नाही असं बघून पुढं बोलत गेली. "आमच्या विहिरीवर टँकर लागतो. मोटर सकाळधरनं चालू असते. वरचं गोड पानी सगळं ओढलं की खालनं खाडीचं आत येतं. मग आमचं मचूळ होतं, निकोलस अंकलचं होतं, आंटीचं होतं. आंटीचं आधी झालं कारन तिची विहीर खाडीला जवळ आहे. बाबा म्हनतात हे कुनाला सांगू नको."

सर तक्त्याची गुंडाळी हातात घेऊन उभे होते. तक्त्यावर बाण होते, निळे आणि तांबडे. टँकर नव्हता.

"टँकर कुठं जातो?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नव्हता आणि विचारून झाल्यावर तो आपण का विचारला असं त्यांना झालं.

"वसई रोडला. तुमच्या बिल्डिंगीत, सर." जागृतीच्या आवाजात तक्रार नव्हती. ती भूगोलच सांगत होती. "एकदा मी बाबांबरोबर टँकरात बसून आलेली. तुम्ही गॅलरीत उभे होता. ड्रायव्हरला म्हनालात, उशीर केला आज."

आता आणखी हात वर झाले. एवढे हात सरांनी या वर्गात आजवर पाहिले नव्हते.

"सर, तुमच्या बिल्डिंगीत किती घरं?"

"सर, एक टँकर एक दिवस पुरतो?"

"सर, तुमच्याकडं विहीर नाही का?"

सर टेबलाला टेकून एकेकाला उत्तर देऊ लागले. काही उत्तरं त्यांना येत होती, काही येत नव्हती. येत नव्हती ती त्यांनी येत नाहीत म्हणून सांगितली, आणि पोरांनी ती माफ केली. मागच्या बाकावरून कोणीतरी उभं राहिलं.

"सर, तुमच्याकडं पानी कसं येतं? चवीला?"

सर काहीतरी म्हणाले.

"ऐकू नाही आलं, सर."

सरांनी घसा साफ केला. "गोड," ते म्हणाले, मागच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्यानं.